पान बांधायचं राहिलं

सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी मशीन सुरू झालं. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला आणि पाच सेकंदांत सगळं बंद पडलं.

"दाब परत," अक्का म्हणाली.

मी परत दाबलं. पंखा, दिवा, एक बारीक बीप. बंद.

"लाइट गेली काय रे?"

"ट्यूब चालू आहे की, अक्का."

"मग ह्याचीच तेवढी गेली?"

ही २००१ सालची खंडेनवमी. जागा जयसिंगपूरच्या नवव्या गल्लीतली अक्काची खोली. अक्का म्हणजे अक्काताई भोकरे, वय चव्वेचाळीस. आमच्या दैनिकात बावीस वर्षं कंपोझिटर. शिशाचे खिळे एकेक उचलून ती ओळी जुळवायची. मी तिथंच उपसंपादक होतो, सत्तावीस वर्षांचा. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी 'शुद्धिपत्र' दीर्घ लिहून पाठवलं होतं, तेव्हा ती सगळ्यांदेखत म्हणाली होती, "एडिटर, ह्याचंच एक शुद्धिपत्र काढा." तेव्हापासून मी तिचा एडिटर. पुढे उलटे खिळे वाचायला तिनेच मला शिकवलं.

त्या वर्षी मे महिन्यात खिळ्यांचा विभाग बंद झाला. अकरा कंपोझिटर घरी गेले. दोघं इचलकरंजीला सुताला खळ लावायच्या कारखान्यात, सायझिंगमध्ये लागले, एकाने भेळेचा गाडा टाकला. अक्काने संध्याकाळचा क्लास लावला, पोरींच्या शेजारी बसून कळफलक पाठ केला आणि मॅनेजर मगदूमसाहेबांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली. तिथं मी हजर होतो.

"घरी स्वतःचं मशीन पाहिजे," मगदूम म्हणाले. "मराठी फाँट पाहिजे. खंडेनवमीला संध्याकाळी पाचच्या आत दिवाळी पुरवणीची चार पानं माझ्या टेबलावर. जमलं तर पुरवण्या तुमच्याकडे. नाही जमलं तर सांगलीचं सेंटर तयारच आहे. पाच म्हणजे पाच, बाई."

"बावीस वर्षांत माझं पान कधी उशिरा आलंय का, साहेब?"

"ते खिळे होते," मगदूम म्हणाले.

मशीन फारूक मुल्लाच्या दुकानात जुळवलं. स्टेशन रोडवर त्याचं दुकान होतं. पार्ट त्याचे, जोडणी माझी. मी सहा महिन्यांचा हार्डवेअरचा कोर्स केला होता आणि तोवर चार मशीनं जोडली होती. हे पाचवं. नऊ दिवस ते अक्काच्या खोलीत एकदाही न अडखळता चाललं. त्या नऊ दिवसांत तिने चार पानं लावली. आदल्या रात्री फक्त दोन मथळ्यांची दुरुस्ती राहिली होती. ती करायची, फ्लॉपीवर पानं घ्यायची आणि ऑफिसात न्यायची, एवढंच काम नवमीला बाकी होतं.

फ्लॉपीबद्दल तिने मला आधीही विचारलं होतं. पान तयार झालं की कंपोझिटर त्याला चारी बाजूंनी दोरा गुंडाळतात, म्हणजे उचलताना खिळे सांडत नाहीत. तिसऱ्या का चौथ्या दिवशी ती म्हणाली, "ह्यात पान बांधतात कसं?"

"सेव्ह केलं की बांधलं."

"आणि मशीनच बिघडलं तर?"

"आत हार्ड डिस्क आहे, अक्का. लोखंडाची पेटी. तिला काय होतंय?"

"फ्लॉपीवर घेऊन ठेवू का तरी?"

"शेवटी घेऊ की. रोज रोज कशाला?"

हे माझे शब्द होते. ते मी बदललेले नाहीत.

त्या सकाळी मी पोचलो तेव्हा पूजा झालेली होती. संध्याकाळी ऑफिसात जायचं म्हणून तिने सकाळीच उरकली होती. पाटावर तिची स्टिक ठेवली होती. ओळ जुळवायची ती हातातली लोखंडी पट्टी, अंगठ्याच्या जागी झिजून चकचकीत झालेली. टेबलावर मशीन, त्याच्यावर झेंडूची माळ. प्रेसमध्ये खंडेनवमीला कुंकवाची जागा ठरलेली असायची. जिथं हात पडतो तिथं बोट उमटवायचं, पायाने चालवायच्या छपाईयंत्राच्या, ट्रेडलच्या मुठीला, कटिंग मशीनच्या दांड्याला, स्टिकच्या कडेला. लोखंडावर कोरडं कुंकू टिकत नाही म्हणून ते शाई पातळ करायच्या जवसाच्या तेलात कालवायचे. विभाग बंद झाला त्या दिवशी अक्काने तेलाची एक बाटली घरी आणली होती. तेल जुनं, काकवीसारखं झालेलं. स्टिक, कीबोर्डची कड, माउसची पाठ, मॉनिटरचं कपाळ, कॅबिनेटचं बटण, सगळीकडे तिची तांबडी बोटं होती. माझ्या तर्जनीलाही कुंकू लागलं. ते मी पँटीला पुसलं.

मी एका रद्दी कागदाच्या पाठीवर नोंदी करायला लागलो. ही सवय डेस्कची. वेळ, काय बदललं, काय झालं. साडेदहापर्यंत चौदा नोंदी झाल्या. प्लग बदलला, पाच सेकंद. वायर बदलली, पाच सेकंद. शेजाऱ्यांच्या खोलीतून वायर ओढून लाइट घेतली, सहा सेकंद.

"एक सेकंद वाढला," अक्का म्हणाली. "असाच वाढत गेला तर पाचपर्यंत पान उघडेल."

"चेष्टा करू नकोस."

"मग काय करू? रडू? ते तू कर, मी चहा टाकते."

सव्वाअकराला मी झाकण काढलं. मेमरीची पट्टी काढून रबराने पुसली, दुसऱ्या खाचेत बसवली. पाच सेकंद. प्रोसेसरवरचा पंखा हलवून पाहिला. घट्ट होता. फ्लॉपी ड्राइव्हची वायर काढली. सीडीची काढली. मोडेमचं कार्ड काढलं. प्रत्येक वेळी बटण दाबायचं, पंखा फिरायचा, हार्ड डिस्क गुरगुरत वेग घ्यायला लागायची आणि सगळं गप्प. मग मिनिटभर थांबायचं. लगेच दाबलं तर काहीच व्हायचं नाही. त्याचीही मी नोंद केली : 'मध्ये थोडा वेळ जाऊ द्यावा लागतो.' त्याचा अर्थ काय, हे मी स्वतःला विचारलं नाही.

"एसएमपीएस असणार," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"ह्याला वीज देणारा डबा. तोच दम सोडतोय."

"तासापूर्वी मेमरी म्हणालास."

"ती नाही, हे आता सिद्ध झालं."

"बरं," ती म्हणाली. "डॉक्टर लोकही असंच बोलतात. एकेक सिद्ध करत नेतात आणि शेवटी पेशंट राहतो."

साडेबाराला सायकल काढून फारूकच्या दुकानावर गेलो. कुलूप. शेजारच्या घड्याळवाल्याने डोळ्यावरची काच न काढता सांगितलं, "सांगलीला माल आणायला गेलाय. तीनपर्यंत येतो म्हणाला." दाराच्या फटीतून मी चिठ्ठी सरकवली. एक वाजता परत आलो तर अक्का मशीनसमोर हात मांडीवर ठेवून बसलेली. माळ काढून तिने पाटावर ठेवली होती.

"मी एकदा दाबलं," ती म्हणाली. "पाचच."

मी तेही लिहून घेतलं. एकतिसावी नोंद.

"एडिटर, एक बोलू? हसणार नाहीस?"

"बोल."

"पूजेला बसवलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नसतं. प्रेसमध्ये अंक छापून झाल्यावर पूजा व्हायची आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत ट्रेडलला कोणी शिवायचं नाही. मी सकाळी बसवलं आणि लगेच उठवायला गेले."

"अक्का, ह्याला काय कळतंय त्यातलं?"

"ह्याला नसेल कळत. मला कळतंय ना."

मी हसलो नाही, पण नवीन विचारही केला नाही. एसएमपीएस बाहेर काढून त्याची धूळ झटकली. नव्या डब्यात धूळ नव्हतीच. परत बसवला. बत्तीस. तेहेतीस.

दोन वाजून दहा मिनिटांनी कोपऱ्यावरच्या बूथमधून मगदूमसाहेबांना फोन लावला. ऑफिसात तीन मशीनं होती. एकाला अक्काची हार्ड डिस्क अर्धा तास जोडू द्या, एवढंच मागितलं.

"ऑफिसची मशीनं उघडायची नाहीत," मगदूम म्हणाले. "आज तर नाहीच. आत्ता पूजा मांडलीय त्यांची."

"साहेब, पानं तयार आहेत. फक्त बाहेर निघत नाहीयेत."

"उपाध्ये, उद्या पुरवणीच्या दिवशी असंच झालं तर वाचकाला काय सांगायचं, आत आहेत म्हणून?" मग त्यांनी विचारलं, "तुमची ड्यूटी चारला ना? तुम्ही नक्की कोणाकडे नोकरीला?"

परत आलो. अक्काने काय झालं ते विचारलं नाही. भाकरी वाढली. जेवता जेवता म्हणाली, "खिळे असते तर एव्हाना दोन पानं परत जुळवली असती मी."

"माहीत आहे."

"तुला काय माहीत? तू कधी सांडलेलं पान बघितलंयस? एकदा माझ्या हातून सांडलं. अख्खं दुसरं पान, रात्री नऊला. सगळे माझ्याकडे बघत उभे. मी जमिनीवर बसले आणि खिळे वेचायला लागले. अंक निघाला. हातात येत होतं, म्हणून निघाला." तिने मशीनकडे हनुवटी केली. "ह्यात हात कुठं घालू?"

अडीच ते पावणेचार मी तेच करत राहिलो. आता नोंदींत नवीन काही येत नव्हतं. एकदा वाटलं डिस्कच काढून ठेवावी, पण डिस्क नसेल तर मशीन सुरू झालं तरी उपयोग काय, असं मी मनाशी म्हणालो. हा तर्क चुकीचा होता. कागदावर बेचाळीस, पन्नास, अठ्ठावन्न. अक्का माझ्या मागे उभी राहून सेकंद मोजत होती. आधी मोठ्याने मोजायची, मग नुसते ओठ हलायला लागले.

त्रेसष्टाव्या वेळी फारूक दारात उभा होता. हातात माझी चिठ्ठी.

"काय झालं भाऊ? नवीन नवरी आणि नऊ दिवसांत रुसली?"

"एसएमपीएस गेलाय."

"माझा माल जात नाही." तो आत आला, झाकण उघडं, पार्ट टेबलावर पसरलेले पाहून थांबला. कोपऱ्यातला कागद उचलला. "हे काय?"

"नोंदी."

"त्रेसष्ट वेळा चालू केलं?" त्याचा आवाज उतरला. "डिस्क जोडून?"

मी हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला.

"भाऊ, डिस्कची वायर काढून टेस्ट करतात. ती धावायला लागते आणि आपण तिचा गळा धरतो. एक-दोनदा चालतं. त्रेसष्ट वेळा?"

"फारूकभाई," अक्का म्हणाली, "पानं निघतील का ते सांगा."

"डिस्क द्या. दुकानात लावून बघू. मशीनचं नंतर."

त्याने दोन स्क्रू काढले आणि डिस्क रुमालात गुंडाळली. अक्काने ती त्याच्या हातातून घेतली. स्टेशन रोडपर्यंत ती डिस्क दोन्ही हातांत आडवी धरून चालत आली, कलू न देता. खिळ्यांचं पान असंच नेतात.

चार वाजून बारा मिनिटांनी फारूकने डिस्क आपल्या मशीनला जोडली. आवाज आला. टक्. थोडं थांबून टक्. मग गुरगुर, परत टक्. पडद्यावर डिस्कचं नावसुद्धा येईना. त्याने वायर बदलली. टक्. डिस्क उलटी धरली, उभी धरली, कानाला लावली.

"सुई जागेवर बसत नाहीये," तो म्हणाला.

"सकाळी बसत होती का?" अक्काने विचारलं.

फारूकने माझ्याकडे पाहिलं. "ते आता कोण सांगणार, ताई?"

चार पस्तीसला ती उठली. "चल, एडिटर. पाच वाजत आले."

"फ्लॉपी नाही, अक्का."

"माहीत आहे. पण पाचला येते म्हणाले होते ना मी."

ऑफिसात तिन्ही मशीनांना झेंडूच्या माळा होत्या. कुंकू कोरडं, पडद्याच्या वरच्या कडेला, नेमकं. मगदूमसाहेबांच्या टेबलावर पेढ्यांचं तबक. घड्याळात पाचला सहा मिनिटं कमी होती. अक्का समोर उभी राहिली आणि म्हणाली, "पानं झाली होती, साहेब. मशीन बंद पडलं. परवापर्यंत वेळ द्या, परत करते."

"उद्या सुट्टी. परवा पानं छपाईला जाणार. सांगलीला मी दुपारीच सांगून ठेवलं, बाई." त्यांनी तबक पुढे केलं. "घ्या. प्रसाद."

तिने पेढा घेतला, कपाळाला लावला आणि रुमालात बांधला. जाताना जुन्या कंपोझिंगच्या खोलीच्या दारात क्षणभर थांबली. आत खिळ्यांच्या रिकाम्या पेट्या एकावर एक रचलेल्या होत्या. मी माझ्या टेबलावर बसलो. माझी ड्यूटी चारची होती. तासभर उशीर लागला.

पुढच्या आठवड्यात फारूकने सगळे पार्ट दुकानात नेले. एसएमपीएस, बोर्ड, मेमरी, प्रोसेसर एका उघड्या फळीवर मांडले, दुसरी डिस्क लावली. मशीन सलग तीन दिवस चाललं. त्याने बंद केलं तेव्हाच बंद झालं.

"एकही पार्ट खराब नाही," तो मला म्हणाला. "माझ्या डोक्याला मुंग्या आल्या, भाऊ. मग ते बंद का पडत होतं?"

मी हे अक्काला सांगितलं. सांगायला नको होतं. ती तांदूळ निवडत होती.

"पार्ट सगळे चांगले," ती म्हणाली. "म्हणजे उरले कोण? मी."

"तसं नसतं, अक्का."

"बावीस वर्षं लोखंडाने माझं ऐकलं. ह्याने नाही ऐकलं. संपलं."

रिकामं कॅबिनेट फारूक न्यायला आला तेव्हा तिने दिलं नाही. "राहू दे, त्यावर स्टिक ठेवीन." त्यानंतर तिने कीबोर्डला हात लावला नाही. मी दोनदा विचारलं, फारूकने एकदा. पुढे एका सायझिंगच्या कँटीनमध्ये ती एकोणीस वर्षं कामाला होती. मी पुढच्या वर्षी पुण्याला गेलो.

गेल्या खंडेनवमीला कामानिमित्त जयसिंगपुरात होतो. नवव्या गल्लीत गेलो. अक्का आता सहासष्टची आहे, चष्मा जाड झालाय, जीभ तशीच. "एडिटर, पोट बघ. बातम्या खातोस काय?"

पूजा झालेली होती. कोपऱ्यात ते पांढरं कॅबिनेट पिवळं पडून उभं होतं, त्यावर स्टिक, स्टिकच्या कडेला तांबडं बोट. कॅबिनेटच्या बटणावरही होतं, ताजं, आणि त्याखाली काळपट पडलेले जुने थर.

"ह्यालाही लावतेस?"

"दरवर्षी. रुसलं म्हणून काय टाकायचं? आणि जिथं हात पडायचा तिथं बोट लावायचं." ती चहा टाकायला आत गेली.

मी बटण दाबलं. तेव्हा त्रेसष्ट वेळा दाबलं होतं, पण दाबल्यावर ते काय करतंय, ह्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. बटण हा पार्ट म्हणून मी धरलाच नव्हता. ते आत गेलं. मी बोट काढलं. ते आतच राहिलं.

बटण चार सेकंद आत धरून ठेवलं की मशीन बंद होतं. हे मला २००१ सालीही माहीत होतं. ऑफिसातली मशीनं अडकली की मीच तसं करायचो. फारूकने फळीवर तीन दिवस चालवलं, तेव्हा हे बटण इथं अक्काकडेच होतं.

मी मोजलं. चौथ्या सेकंदाला बटण हललं नाही. सहाव्याला थोडं सरकलं. नवव्या सेकंदाला ते पूर्ण वर आलं.

ह्यावरून त्या दिवशीचं काही सिद्ध होत नाही. आता त्यावर बावीस वर्षांचे थर आहेत, तेव्हा एकच होता. डिस्कचं म्हणाल, तर ती त्रेसष्ट वेळांनी गेली की आधीच जाणार होती, हेही कळायला मार्ग नाही. फारूकने ती कधीच भंगारात घातली.

"काय बघतोस?" अक्का कप घेऊन दारात उभी होती.

"काही नाही."

"चालू नाही व्हायचं रे ते. आत काही नाही." तिने कप पुढे केला. "तुला कधी कळलं का, काय बिघडलं होतं ते?"

माझ्या तर्जनीला कुंकू लागलं होतं. मी कप दुसऱ्या हाताने घेतला आणि चहात साखर कमी आहे असं म्हणालो.

त्याला अकरा महिने झाले. परवा तिचा फोन होता, नवमीला येणार का म्हणून. मी बघतो म्हणालो. बाटलीत अजून दोन बोटं तेल आहे, असं ती म्हणाली.